त्याची हरकत

आमच्या घरात सकाळचा चहा झाला की पेपर वाचायचा आणि पेपर वाचायचा म्हणजे भांडायचं, असा शिरस्ता होता. इतर नवरा-बायको माहेर-सासरवरून भांडतात, भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून भांडतात. आम्ही पोलंडवरून भांडलो, अफगाणिस्तानवरून भांडलो, आणि चीनवरून तर असे भांडलो की शेजारच्या काकू दारात येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना. भाजीत मीठ जास्त पडलेलं मात्र आमच्या दोघांच्याही लक्षात यायचं नाही.

आता पेपर मी एकटीच वाचते. मोठ्याने वाचते, कारण तो समोर चाकाच्या खुर्चीत बसलेला असतो. दीडेक वर्षापूर्वी त्याला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतंय, शब्द तेवढे सापडत नाहीत, तुम्ही बोलत राहा. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, आमच्या घरात बोलायचं म्हणजे काय. मी बोलत राहिले आणि तो ऐकत राहिला. लोक म्हणतात, किती शांत झालेत हो. ही शांतता मला अजिबात सहन होत नाही.

आम्ही दोघं दोन पक्षांतले. दोन्ही डावे, दोन्ही लाल, दोन्हींच्या बावट्यावर जवळजवळ तेच चित्र. बाहेरच्या माणसाला त्यातला फरक सांगायला गेलं की तो जांभई देतो. आमच्यासाठी तो फरक म्हणजे जीव की प्राण होता. मूळचा एकच पक्ष, तो आमच्या लहानपणीच फुटला होता. तो एका तुकड्यात गेला, मी दुसऱ्या. पण फुटताना दोन्ही तुकड्यांनी एक पद्धत मात्र जशीच्या तशी बरोबर नेली. मीटिंग कसलीही असो, सुरुवात जगापासून करायची. आधी आंतरराष्ट्रीय परिस्थिती, मग देश, मग राज्य, मग जिल्हा, आणि सगळ्यात शेवटी ज्या कामासाठी माणसं जमली आहेत ते काम.

त्याच्या पक्षाचं ऑफिस नगरच्या तोफखाना भागातल्या एका बोळात, माडीवर होतं. जगाचा अहवाल द्यायचं काम कायम त्याच्याकडे. एकदा वस्तीतल्या विड्या वळणाऱ्या बायका नळाला पाणी येत नाही म्हणून आल्या होत्या, आणि हा निकाराग्वावर बोलत होता. बऱ्याच वेळाने त्यातली एक उठली आणि म्हणाली, "दादा, जग झालं का? न्हाई तर भाकरी टाकून येते." पुढे पुढे त्या बायका एकीला जिन्यात बसवून ठेवायला लागल्या. जग संपलं की ती खाली हाक मारायची आणि मग बाकीच्या वर यायच्या. मी त्याला म्हणायचे, अरे, नळ आधी घे, जग कुठे पळून चाललंय? त्यावर तो शांतपणे सांगायचा, नळाला पानी का न्हाई हे नळाकडं बघून कळत न्हाई. मग तो मला नगरपालिका, सरकार, कर्ज देणारी बँक, त्या बँकेमागची अमेरिका असं सगळं उलगडून दाखवायचा. त्यातलं निम्मं मला पटायचं आणि निम्म्यावर मी भांडायचे. तोवर तिकडे बायका टँकर आणून मोकळ्या झालेल्या असायच्या.

तो सोनईजवळच्या एका गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. कॉलेज अर्धवट सोडून पक्षाचं पूर्णवेळ काम करायला लागला होता. मी नगरची. माझे वडील कोर्टात कारकून, आजोबा शाळामास्तर, त्यांच्या आधीचे पूजा सांगणारे. घरात पंचांग, सोवळं आणि दर रविवारी शिकरण. अशा घरातली मुलगी डावीकडे कशी वळली, हे वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते म्हणायचे, आपल्या किल्ल्यात बेचाळीस साली इतके पुढारी कोंडले होते, त्यातल्या एखाद्याच्या नादाने जायचं होतंस, ह्या रशियावाल्यांच्या कुठे? मी रशियावाली नव्हे, रशियावाले ते पलीकडचे, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. त्यांनी ते ऐकून सोडून दिलं.

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते माळीवाड्याच्या स्टँडवर. उन्हाळ्याचे दिवस होते. मी नुकतीच कॉलेजात इतिहास शिकवायला लागले होते. एक उंच, उन्हाने रापलेला माणूस पातेलं घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला गूळ-शेंगदाणे वाटत होता. माझ्या पुढच्या बाईने मूठ भरून घेतली आणि विचारलं, लगीन ठरलं का कुनाचं? तो म्हणाला, "न्हाई मावशे, व्हिएतनाम सुटला." बाईने शेंगदाणे तोंडात टाकले आणि बरं झालं म्हणून संगमनेरच्या गाडीकडे गेली. मला बातमी सकाळीच कळली होती. मी त्याच्या छातीवरचा बिल्ला पाहिला आणि विचारलं, तुमच्या पक्षाचा ह्यात काय वाटा? त्याने माझ्या ओंजळीत आणखी एक मूठ टाकली. खा, मग बोलू, म्हणाला.

बोलायचं राहूनच गेलं, कारण पुढच्या दोन महिन्यांतच आणीबाणी आली. त्याच्या पक्षाने तिला पाठिंबा दिला. माझ्या पक्षाची माणसं आत गेली. तो रस्त्यात दिसला की मी पलीकडच्या बाजूने जायला लागले. मग एक दिवस तो कॉलेजच्या फाटकापाशी येऊन उभा राहिला आणि त्याच्या पक्षाची भूमिका मला समजावून सांगायला लागला. उजव्या शक्ती, परकीय हात, बँकांचं राष्ट्रीयीकरण, सगळं सांगितलं. घामाघूम झाला होता. मला त्यातलं एक अक्षर पटलं नाही आणि मी ते त्याला तोंडावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी फाटकापाशी त्याची वाट बघत उभी होते.

लग्न रजिस्टर केलं. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना वाटत होतं की कुणीतरी एक जण आता पक्ष बदलेल, आणि तो एक म्हणजे अर्थातच मी असणार. मी बदलला नाही. त्याने तो बदलावा असं मला कधी मनापासून वाटलंही नाही, कारण मग भांडले कोणाशी असते? मी त्याला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करत आले. गावाकडे सासूबाईंना त्याचा फार धक्का बसला होता. पण बाई मोठी समजूतदार. अफगाणिस्तानात रशियाचं सैन्य शिरलं तेव्हा आम्ही दोघं गावीच होतो आणि त्यांच्या स्वयंपाकघरातच आमची जुंपली होती. त्या चुलीपुढे बसून सगळं ऐकत होत्या. भाकरी उलटताना त्यांनी विचारलं, "जिमीन आपली हाय का ती?" आम्ही दोघंही म्हणालो, नाही. "मंग जेवून घ्या," त्या म्हणाल्या.

सोव्हिएत युनियन मोडलं तेव्हाही आम्ही गावाहूनच परत येत होतो. सोनईच्या स्टँडवर त्याने पेपर घेतला. क्रेमलिनवरून बावटा उतरवल्याची बातमी उभ्यानेच वाचली आणि पेपर चार घड्या करून खिशात घातला. गाडी घोडेगावच्या कांद्याच्या बाजारापर्यंत आली तरी पेपर खिशातच होता. माझ्या मनात फार दिवसांचं साठलेलं होतं. मी म्हणाले, तुमच्या नोकरशहांनीच बुडवलं, कामगारांचं राज्य म्हणायचं आणि कामगाराला तोंड उघडू द्यायचं नाही, दुसरं काय होणार? मग तो उसळला. घेराबंदी, शस्त्रस्पर्धा, हिटलरशी लढताना मेलेली कोट्यवधी माणसं, कोणी वाचवलं ह्या जगाला, विचार तुझ्या पक्षाला. तो रडत होता आणि भांडत होता, दोन्ही एकाच वेळी. मीही रडत होते. कंडक्टरला वाटलं घरातलंच काहीतरी विकोपाला गेलंय. त्याने ह्याला उठवून ड्रायव्हरच्या मागे बसवलं आणि मला तिथेच ठेवलं. शेजारच्या म्हातारीने माझ्या पाठीवर हात फिरवून सांगितलं, दारू सुटती बाई, धीर धर. नगरला उतरले तर तो फलाटावर माझी वाट बघत उभा होता. माझी पिशवी हातातून घेतली आणि चालता चालता शस्त्रस्पर्धेपासून पुन्हा सुरू केलं.

ह्या दिवसांची मला फार आठवण येते. तरुणपण गेलं म्हणून नव्हे, ते गेलं तर गेलं. पण तेव्हा आम्हाला खरोखर वाटायचं की तोफखान्यातल्या बोळात आपण काय ठरवतो ह्याचा जगाशी संबंध आहे. चिलीत कुणाला गोळी घातली तर इकडे आमच्या घशाखाली घास उतरायचा नाही. दक्षिण आफ्रिकेतला म्हातारा तुरुंगातून सुटला त्या दिवशी आमच्या मीटिंगमध्ये माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली होती. त्यातल्या बहुतेकांनी पुण्यापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. आमचं चुकलंही पुष्कळ. जातीचा प्रश्न आम्ही वर्गाच्या प्रश्नात बसवून टाकला आणि ज्यांच्या अंगावर ती जात रोज येत होती त्यांना थांबा म्हणालो. बायकांना तर मीटिंगमध्ये चहा करायला सांगितलं, मी सोडून, कारण मी करायची नाही. हे सगळं मी वर्गातही सांगत आले आणि त्यालाही सांगत आले. पण एवढं चुकूनसुद्धा ती माणसं दुसऱ्याच्या दुःखासाठी जागी असायची. आता माझ्या मोबाईलवर जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर बॉम्ब पडून कोसळणाऱ्या इमारतींचे व्हिडिओ येतात, आणि त्याखाली कोणीतरी टाळ्या टाकलेल्या असतात. मी एकदा लिहिलं, ह्यात मुलं आहेत. मग एकाने मला हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि दुसऱ्याने शुभ सकाळ.

गाझावरून आम्ही दोघं भांडलो नाही. ते एकच असं निघालं की ज्याच्यावर आमचं एकमत होतं, आणि पेपर वाचून झाल्यावर दोघांनाही काय करावं ते कळायचं नाही. युक्रेनवरून मात्र आमचं जोरात चाललं होतं. त्याचं म्हणणं, नाटोने पूर्वेकडे सरकत सरकत रशियाला भिंतीशी नेऊन टेकवलं, अमेरिकेला शस्त्रं खपवायची आहेत, तू सैनिक कोण ते बघतेस, मी सैनिक कुणी पाठवला ते बघतो. माझं म्हणणं, बाबा रे, तुझा रशिया गेला, तीस वर्षं झाली, आता तिथे दुसरेच धनदांडगे बसलेत, त्यांना कसला सलाम ठोकतोस? रणगाडे कोणाच्या हद्दीत गेले एवढं सांग. ह्यावर आमचे कित्येक महिने गेले. त्याच्याकडे उत्तर होतं, माझ्याकडे प्रत्युत्तर होतं, आणि ते चालू असतानाच तो आजारी पडला.

हॉस्पिटलातून घरी आणल्यावर पहिले काही आठवडे मी फक्त औषधं, व्यायाम आणि अंघोळ ह्यातच होते. मग एका सकाळी चहा झाल्यावर पेपर उघडला आणि जगाच्या पानापासून सुरुवात केली. तो खिडकीबाहेर बघत होता. शेजारच्या अंगणात शेवग्याचं झाड आहे, त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशीही तसंच. हो-नाही तो मानेने सांगायचा. चहा हवा का, हो. पंखा लावू का, नाही. पण पेपरातल्या कशालाही ना हो, ना नाही. शेवटी मी त्याला डिवचायचं ठरवलं. एकदा वाचता वाचता म्हणाले, मला वाटतं नाटो ही मुळात शांततेसाठी स्थापन झालेली संघटना आहे. पूर्वी असतं तर छप्पर उडालं असतं. तो शेवग्याकडे बघत राहिला. मग मी खासगीकरणाची स्तुती केली. मग जागतिक बँकेची. काही नाही. त्या दिवशी मी आत जाऊन मोरीत तोंड धुतलं आणि तिथेच पाटावर बसून राहिले.

भेटायला येणाऱ्यांना त्याच्याबद्दल एक गमतीचा शोध लागला होता. समोर उभं राहून इन्किलाब म्हटलं की तो झिंदाबाद म्हणायचा. अगदी स्पष्ट. डॉक्टर म्हणाले, असं होतं, पाठ झालेलं दुसऱ्या जागी साठवलेलं असतं. मग जो येईल तो इन्किलाब म्हणायला लागला. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं, ते फोन काढून व्हिडिओ करायचे. मी तो प्रकार बंद केला. घोषणा तर तो झोपेतही द्यायचा, त्यात तो कुठे होता? मला त्याचं 'पण' हवं होतं. मी काही बोलले की मान तिरकी करून 'पन, कामरेड,' असं म्हणून जे सुरू व्हायचं ते. स्पष्टच सांगायचं तर मला तो नुसता जिवंत नको होता, मला तो विरोधात हवा होता. आणि ते आता कधीच होणार नाही असं मी मनाशी धरून चालले होते.

आता दोन्ही पक्षांची मिळून नगरमध्ये माणसं उरली आहेत ती एका खोलीत मावतील एवढी. शहराचं नाव बदललं, रस्ते रुंद झाले, आमची संख्या तेवढी कमी होत गेली. तेव्हा गेल्या काही वर्षांपासून जिल्ह्यापुरती एकच समिती केली आहे. दोघांनी मिळून बसायचं, मिळून ठरवायचं. समितीचा सेक्रेटरी माझ्याच पक्षाचा, विमा कंपनीतून रिटायर झालेला, माझ्याहून लहान. तो उन्हाळ्याच्या सुरुवातीला घरी आला आणि म्हणाला, बाई, ह्या वेळची मीटिंग तुमच्याकडेच घेऊ का? माडीचा जिना चढवून त्यांना नेता येत नाही, आणि ते नसले की सुनं वाटतं. मी म्हणाले, घ्या. जाताना तो दारात थांबला. जगाचा अहवाल तुम्हीच द्या, म्हणाला.

मी दोन दिवस तयारी केली. कागद मांडले, खोडले, परत मांडले. आणि मग ठरवलं की माझं नाही, त्याचं मांडायचं. त्याच्या घरात, त्याच्यासमोर मीटिंग आहे, आणि त्याचं म्हणणं मांडायला तो उरलेला नाही, तर निदान ते कुणाच्या तरी तोंडून त्याच्या कानावर जावं. मला ते इतकं पाठ होतं की टिपण काढायची गरजच नव्हती. इतकी वर्षं खोडून काढत आल्यावर दुसऱ्याचं म्हणणं स्वतःच्या म्हणण्यापेक्षा जास्त पक्कं होतं.

रविवारी दुपारी चार वाजता माणसं आली. मी त्याची दाढी केली होती, त्याला धुतलेला झब्बा घातला होता, खुर्ची खिडकीशी ठेवली होती. एमआयडीसीतले दोघं कंत्राटी कामगार होते, त्यांना मधेच कामावरून काढलं होतं, मीटिंग खरी त्यांच्यासाठी होती. ते बिचारे पुढच्या खुर्च्यांवर ताठ बसले होते. सेक्रेटरीने त्यांना समजावलं, आधी जग होईल, मग तुमचं घेऊ. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

मी उभी राहिले. गाझापासून सुरुवात केली. मग युक्रेनवर आले आणि त्याच्यासारखी बोलायला लागले. नाटो कसं सरकत आलं, शस्त्रांचा धंदा कोणाचा, युरोपचा गॅस कोणी कोणाला विकला. तो द्यायचा तसंच कांद्याचं उदाहरण दिलं, की घोडेगावचा शेतकरी कांदा आणतो पण त्याची निर्यात होणार की नाही हे दिल्लीत ठरतं, आणि दिल्लीत काय ठरावं हे आणखी कुठेतरी. मुद्दा झाला की थांबून तो चष्मा पुसायचा, माझा हातही तसाच चष्म्याकडे गेला. मला फार बरं वाटत होतं. खोलीत पुष्कळ दिवसांनी तो बोलतोय असं वाटत होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो शेवग्याकडे बघत होता.

मी खाली बसल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. पूर्वी विड्या वळणाऱ्या एक बाई होत्या, आता त्याही सत्तरीच्या, त्या म्हणाल्या, अगदी त्यांच्यावानीच बोलल्या बघा. सेक्रेटरीने रीतीप्रमाणे अहवाल मताला टाकला. 'बाजूने' म्हणताच सगळे हात वर झाले, माझाही. 'विरोधात' हे तो कागदावरून मान वर न करताच म्हणाला, कारण आमच्या मीटिंगमध्ये विरोध करायचा असला तर लोक खाली चहाच्या टपरीवर करतात. तो पुढचा विषय वाचायला लागला होता तेवढ्यात त्या बाई म्हणाल्या, अहो, त्यांना काहीतरी हवंय.

त्याचा डावा हात वर होता.

मी पाण्याचा ग्लास घेऊन धावले. त्याने तोंड फिरवलं. सेक्रेटरीला वाटलं बाथरूम, त्याने खुर्चीचा ब्रेक काढला. हात खाली आला नाही. तो थरथरत होता, कोपरातून वाकत होता आणि पुन्हा वर जात होता. तो खिडकीकडे बघत नव्हता. सेक्रेटरीकडे बघत होता. सेक्रेटरीने चष्मा नाकावर नीट बसवला.

"कॉम्रेड, अहवालाच्या विरोधात?"

त्याने मान हलवली. हो.

सेक्रेटरी गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. अहो, पण बाईंनी तुमचंच तर मांडलं, असं काहीसं पुटपुटला. हात तसाच वर. मी म्हणाले, लिहून घ्या ना, हात दुखेल त्याचा. मग त्याने लिहिलं आणि वाचून दाखवलं, विरोधात एक. तेव्हा कुठे हात मांडीवर आला. आम्ही आयुष्यभर वेगवेगळ्या पक्षांत राहिलो, आणि समिती एक झाल्यावरही अहवाल तोच द्यायचा, त्यामुळे एका खोलीत बसून त्याला माझ्याविरुद्ध मत द्यायची संधी कधी मिळालीच नव्हती.

त्यानंतर देश झाला, राज्य झालं, शेवटी त्या दोघा कामगारांचंही झालं आणि कलेक्टर कचेरीवर जायचं ठरलं. मी त्यातलं धड काही ऐकलं नाही. खरं तर मला राग आला होता. एवढी खपून त्याची बाजू मांडली, माझी स्वतःची गिळून टाकली, आणि ह्याने चारचौघांत ती नाकारली. लोक गेले. कप तसेच पडले होते. ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.

"मत बदललं का तुझं?"

नाही.

"मग मी चुकीचं मांडलं?"

नाही.

"मग काय?" असं मी विचारून बसले आणि लगेच लक्षात आलं की ह्या प्रश्नाला त्याला मानेने उत्तर देता येणार नाही. तो माझ्याकडे बघत होता. मग त्याने डावा हात उचलला आणि बोटाने माझ्या खांद्यावर टोचलं. मी म्हटलं, मी? मी काय? त्याने पुन्हा टोचलं, जरा जोराने. त्याच्या कपाळावर ती जुनी आठी आली होती, समोरचा इतकं साधं कसं समजत नाही म्हणून यायची ती.

"माझं म्हणणं मांडायला हवं होतं?"

हो.

गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानात वाढतात, तसं मी त्याचं मत सगळ्यांसमोर वाढून ठेवलं होतं, आणि तो तर तिथेच बसलेला होता. इतके महिने मी पेपर वाचत होते ते त्याला वाचून दाखवायला, काळजी म्हणून, सेवा म्हणून. मुद्दाम खोटं बोलून त्याला डिवचत होते, जणू तो एवढा बावळट की त्याला ते कळू नये. माझं खरं म्हणणं मी त्याला सांगायचं बंद केलं होतं. आजारी माणसाशी काय भांडायचं, असं मला वाटलं होतं. मला ते सगळं एकदम कळलं आणि लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त आनंद झाला.

मी डोळे पुसले. उभी राहिले, पदर खोचला आणि मीटिंगमध्ये बोलते त्या आवाजात त्याला म्हणाले, ठीक आहे, आता माझं ऐक. दुसऱ्याच्या देशात रणगाडे घुसवणं ह्याला आक्रमण म्हणतात, मग ते वॉशिंग्टनने केलेलं असो नाहीतर मॉस्कोने.

त्याची मान हलायला लागली होती. नाही. नाही. नाही.